गिरदावरसाहेबांची वनपाहणी

निजामी अंमल 1948 साली संपला, ‘मंडळ अधिकारी’ हे नाव दप्तरी रूढ होऊनही बराच काळ लोटला, तरी लातूर-नांदेडकडचे गावकरी ज्याला अद्याप गिरदावर म्हणतात, तो निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी मधुमेही होतो, दुसऱ्या वर्षी डॉक्टरांच्या हुकमाने चालू लागतो आणि तिसऱ्या वर्षी निसर्गप्रेमी म्हणून गणला जातो.

अशाच एका गिरदावरसाहेबांच्या समवेत चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट पाहण्याचा योग आषाढात आला. सुमारे साडेसहाशे फूट उंच, तीन किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद असा हा डोंगर दुर्मीळ वनौषधींसाठी ख्यातनाम आहे. परंतु साहेबांनी पायथ्याशीच ‘मौजेची हद्द कुठून कुठपर्यंत?’ अशी पृच्छा केली आणि चतुःसीमेचा उलगडा होईपर्यंत पाऊल पुढे टाकले नाही.

त्यांच्या चालीतली संथता रसिकाची नव्हती, मोजणीची होती. कडुलिंबाच्या खोडाला विळखा घालून थेट शेंड्यापर्यंत पोचलेली गुळवेल पाहताच त्यांची मुद्रा उजळली. ‘1950 च्या हैदराबाद कायद्याचं संरक्षित कूळ! आता हिला कोण उठवतो?’ पुढे मुरमाड माळावर, चार खड्यांच्या आडोशाने टिटवीने घातलेली मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी दिसली, तेव्हा मी हरखून वाकलो. साहेब मात्र गंभीर झाले. ‘अतिक्रमण. तेही विनापरवाना.’ टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत कर्णकटू आक्रोश करीत होती. साहेबांनी तिची कैफियत अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतली (उभ्या नोकरीत त्यांनी कोणाची कैफियत इतक्या शांतपणे ऐकल्याचे तालुक्याच्या स्मरणात नाही), आणि ‘कब्जा कायम’ असा निकाल देऊन आम्हां सर्वांना वाट सोडून काट्याकुट्यांतून पलीकडे नेले.

बरोबर साहेबांचे नांदेडचे व्याही होते. त्यांनी किनवटच्या अरण्याचे आणि पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याचे वर्णन आरंभिले मात्र, वाटचालच खुंटली. कारण 2009 साली विभागीय आयुक्तालय नांदेडला जाहीर झाल्यापासून लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या माणसांना एकमेकांचे झाडही निमूटपणे पाहवत नाही.

‘पाहुणे, ते पाणी साठतं का?’

‘साठतं कशाचं! कोसळतं. बघत राहावं असं.’

‘म्हणजे नुसतं वाहून जातं,’ साहेब म्हणाले. 2016 साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी ज्या लातूर शहराने जपून वापरले, तेथील गृहस्थाला धबधबा हा केवळ सरकारी अपव्यय भासावा, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

माथा गाठण्याचा प्रश्नच उरला नव्हता. एका सीताफळीच्या सावलीत बसून साहेबांनी पिशवीतून रूळ आखलेली वही काढली, गुळवेल, टिटवी व अंडी यांचा यथासांग पंचनामा लिहिला आणि तो पंचांच्या सह्यांसाठी पुढे केला. मी सही केली. व्याह्यांनी मात्र ‘सहस्रकुंड याहून सरस’ असा शेरा नोंदल्यावाचून लेखणी हाती धरण्यास साफ नकार दिला. साहेबांनी क्षणभर विचार करून तो ‘हरकत’ या सदराखाली दाखल करून घेतला, आणि श्राद्धपक्ष आटोपल्यावर समक्ष स्थळपाहणीसाठी पैनगंगेवरची तारीख दिली.