तडजोड सांध्यात गळते

प्रस्तुत मार्गदर्शन रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या त्या दांपत्यांसाठी आहे, ज्यांच्या घराला एक ओटी, एक मागची पडवी आणि दोन मते आहेत. घाटावरच्या वाचकांना मनाई नाही; पण तिकडे भांडण महिनाभर लांबले तरी घर उभे राहते, इथे ती चैन परवडत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि तो वरून पडण्यापेक्षा समुद्राकडून आडवा येतो. तेव्हा पहिला नियम वेळेचा. घरदुरुस्तीचे भांडण तुळशीच्या लग्नानंतर काढावे आणि शिमग्याआधी संपवावे. शिमग्यानंतर गवंडी मिळत नाही, गवंडी मिळाला तर बिगारी मिळत नाही, आणि दोघेही मिळाले तर त्यांच्या घरात लग्न निघते. मे महिन्यात आगोटीची घाई सुरू होते. मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा भरायचा असतो. त्या गडबडीत काढलेले भांडण मृगापर्यंत पुरते आणि मग निर्णय पाऊसच घेतो. कोळीवाड्यातल्या होड्यासुद्धा पावसाआधी किनाऱ्यावर ओढून शाकारतात. होडीवरून नवराबायकोत दुमत झाल्याचे सहसा ऐकू येत नाही, कारण होडी बुडते हे दोघांनाही ठाऊक असते. घर बुडत नाही, नुसते गळते, म्हणून वादाला जागा राहते.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असे म्हण सांगते. दुरुस्तीचा उल्लेखही ती करत नाही. म्हण रचणारा तिथपर्यंत टिकला नसावा. दुरुस्तीबद्दल सल्ला देणारे बाकीचे सगळे मात्र शेवटी तडजोडीवर येतात: थोडे त्याचे, थोडे तिचे. हे मार्गदर्शन तडजोडीच्या विरोधात आहे, आणि त्यामागे तत्त्वज्ञान नसून छपराची रचना आहे. या किनाऱ्यावर पुढे स्लॅब आणि मागे जुने कौलारू माजघर असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. अशा घराची कौले धड असतात, स्लॅबही धड असतो, आणि तरी घर गळते. कौलारू छपराचा सगळा भरवसा उतारावर: पाण्याला थांबू द्यायचे नाही, पागोळ्यांवाटे पळवून लावायचे. स्लॅबचा भरवसा घट्टपणावर: पाणी थांबले तरी आत येऊ द्यायचे नाही. आपापल्या जागी दोन्ही शहाणे. पण ते जिथे भेटतात तिथे उतारावरचे पाणी सपाटीवर येऊन साचते, वारा ते कौलांखाली उलटे रेटतो, आणि ऊनपावसात लाकूड व काँक्रीट वेगवेगळ्या मापाने फुगत-आकसत असल्यामुळे मधे भरलेला गिलावा पुन्हा पुन्हा चिरतो. मग डांबर लावतात, रसायन ओततात, निळा प्लास्टिकचा कागद दगडांनी दाबून ठेवतात. गळती हलत नाही. फरशी त्याच्या पसंतीची म्हणून रंग तिच्या पसंतीचा, अशा वाटणीचेही हेच होते. दोघांना मिळून जे घर मिळते ते दोघांपैकी कुणीच मागितलेले नसते, आणि पुढची वीस वर्षे बोलणी सुरू राहतात ती त्या सांध्यावरून.

तर मग भांडायचे ते पुरते भांडायचे आणि घराचा एकेक भाग सबंध एकाच्या हवाली करायचा. कुणाच्या, याचे उत्तर जुन्या घराच्या आखणीतच आहे. अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर असे ते घर पुढून मागे उलगडत जाते. पाहुणा ओटीवर थांबतो. सुपारीचा सौदा आणि ग्रामपंचायतीचे राजकारण तिथेच चालते. पाणी, राख, ओले सरपण, मासळीची खवले आणि भांड्यांचा ढीग यांचा मुक्काम मागे. म्हणजे एका छपराखाली राहणारी ही दोन माणसे प्रत्यक्षात दोन घरांत राहतात, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे घर ठीकठाक आहे असे प्रामाणिकपणे वाटते. त्याच्या यादीत गेट, खांबांना टाइल, ओटीला चकचकीत फरशी. तिच्या यादीत मोरीचा उतार, स्वयंपाकाच्या ओट्याची उंची, पडवीत येणारी झड अडवायची सोय. चकचकीत फरशी तो पाहतो ती कोरडी, दुकानात, पंख्याखाली. ती पाहते ती जुलैतली, चिखलाच्या पावलांसकट, हातात कळशी असताना. म्हणून दुसरा नियम असा की वस्तू ज्याच्या अंगावर पडणार त्यानेच ती निवडावी. पुसणाऱ्याने फरशी, उभे राहून रांधणाऱ्याने ओटा, पंप बंद पडला की विहिरीत उतरणाऱ्याने पंप. पैसे मोजणाऱ्याचे नाव या यादीत मुद्दाम घातलेले नाही. त्याच्याकडे पुढे येऊ.

नियमाची खरी कसोटी लागते पर्यटकांच्या खोल्यांपाशी. नागाव, काशीद, दिवेआगरकडे परसात दोन खोल्या काढाव्यात ही कल्पना बहुधा ओटीवर सुचते. रस्त्यावरची पाटी त्याच्या नावाची, सकाळची घावने, दुपारचे सोलकढीसकट जेवण आणि वाळू भरलेल्या चादरी तिच्या वाट्याच्या. तेव्हा खोल्या किती, हे चादरी धुणाऱ्याने ठरवावे. नवऱ्याने चादरी धुवायची तयारी दाखवली तर तीन काढायलाही हरकत नाही.

छप्पर मात्र या नियमात सरळ बसत नाही, कारण ते सगळ्यांच्याच अंगावर पडते. 3 जून 2020 रोजी ते शब्दशः पडले. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढले, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यात कौले उधळली, पत्रे दुसऱ्याच्या वाडीत जाऊन पडले, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि टाळेबंदीत अडकलेली गावे पुढे बरेच दिवस अंधारात राहिली. एवढा पुरावा मिळाल्यावर घरोघरच्या स्लॅबपक्षाने “तरी मी सांगत होते” किंवा “सांगत होतो” असे म्हटले नसेल तरच नवल. पण हा पुरावा अर्धा आहे. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, आणि गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा तो स्लॅबचे पोट फोडून मिळवतो. सळईखालचा थर पातळ ठेवला असेल किंवा खाडीची वाळू न धुता वापरली असेल, तर हे आपल्या हयातीतच पाहायला मिळते. म्हणून तर किनाऱ्यावर स्लॅब घालून त्यावर लोखंडी सांगाडा आणि पुन्हा पत्र्याचे छप्पर असा थाट दिसतो. फेटा बांधून वर टोपी घालावी तसा. कौलपक्षाने यावर फार खूश होऊ नये. कौलांचा गारवा खरा, पण वानरांचा हिशेबही खरा, आणि दरवर्षी कौले परतायला वर चढणारा माणूस आता नारळ पाडणाऱ्याइतकाच दुर्मीळ झाला आहे. परंपरेचा दाखलाही जपून द्यावा. ज्याला आपण आजोबांचे कौल म्हणतो ते मंगलोरी कौल बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात काढलेल्या कारखान्यापासून पसरले. त्याआधी नळीची कौले, पेंढा, झाप. म्हणजे आजोबांनीही तेव्हाची नवी टूमच घरावर चढवली होती आणि माजघरातून कुणीतरी नाक मुरडले असणार. तेव्हा छपराचा निकाल वारशावर न लावता वापरावर लावावा: सुपारी, आमसुले, पापड, बोंबील वाळवायला गच्ची ज्याला हवी त्याने स्लॅब मागावा आणि त्याच्या डागडुजीची वहीही सांभाळावी. मात्र तो सबंध घराला, अर्ध्याला नव्हे.

आता आक्षेप. पहिला पैसे मोजणाऱ्याचा: ज्याची कमाई त्याचा शब्द. हा आक्षेप सरकारी कागदांनाच मान्य नाही. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतले पंचवीस चौरस मीटरचे घर स्वयंपाकाच्या जागेसकट मोजले जाते आणि सर्वसाधारणपणे पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर दिले जाते. बाईच्या नावाने घर घेतले तर महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्क एक टक्का कमी आहे. घरपट्टीच्या कागदावर जिचे नाव चालते तिचे मोरीच्या उतारावरचे मत चालू नये, याला कारण सापडणे अवघड. दुसरा आक्षेप असा की जाणकारावर सोपवावे, भांडण हवेच कशाला? जाणकार सळईची जाडी सांगेल. पहाटे पाच वाजता पाण्याची बादली कुठून कुठे जाते हे त्याला घरातल्यांनीच सांगायचे असते, आणि ते एकमताने सांगता आले असते तर हे मार्गदर्शन लिहावेच लागले नसते. परवानगीच्या बाबतीत मात्र जाणकाराचे ऐकावे. किहीमला नीरव मोदीचा बंगला किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडल्याबद्दल 8 मार्च 2019 रोजी सुरुंग लावून पाडला गेला. त्यातली फरशी कुणी निवडली होती हा प्रश्न त्यानंतर उरला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: घर दोघांचे असतेच कुठे? वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर पाच-सात नावे असतात, त्यातली निम्मी मुंबईत, आणि ती गौरीगणपतीला येऊन “अहो वहिनी, हे जुनं होतं तेच बरं होतं” असे सांगून चौथ्या-पाचव्या दिवशी परत जातात. यावर उपाय सोपा आहे. दुरुस्तीचा खर्च सात भागांत वाटून भाद्रपदाच्या आधी प्रत्येकाला कळवावा. उत्तरे येईपर्यंत नवराबायकोचे असे एकमत होते की कौल-स्लॅबचा विषय त्या काळात उरकून घ्यावा. इतकी अनुकूल वेळ पुन्हा येत नाही.

राहिला रीतीचा भाग. गवंड्यासमोर भांडू नये. तो दोघांनाही हो म्हणतो, आणि “काल काकी म्हणाल्या तसं केलं, आज काका म्हणतात तसं करतो” या हिशेबाने एका ओट्याची मजुरी दोनदा लावतो. ओट्याची उंची फूटपट्टीने न ठरवता विटा रचून, पाटा-वरवंटा वर ठेवून, जो रांधणार त्याला उभे करून ठरवावी. आणि एवढे करूनही पावसाने गाठलेच, तर भांडण तिथेच थांबवून भांडी शोधावीत. पत्र्याच्या डब्यात थेंब फार वाजतो, पितळेच्या घंगाळात जरा कमी. तळाशी जुने धोतर किंवा लुगडे घातले तर रात्री झोप लागते. धोतर घालायचे की लुगडे, हे मात्र दिवसाउजेडी ठरवून ठेवावे.