बोर्डाचा भाव

आमच्या घरात एक एक्स्टेन्शन बोर्ड आहे. म्हणजे होता. पाच प्लगचा, पंधरा फूट वायरीचा, पाठीवर मार्करने 'कूलर' असं लिहिलेला. धुळ्याच्या उन्हाळ्यात त्याचं घरातलं स्थान कर्त्या पुरुषाच्या थोडं वरच असतं. डिसेंबरात मात्र तो माळ्यावर पडून असतो, म्हणून भाच्याने मागितल्यावर बायकोने काढून दिला. "परत आणा," एवढंच म्हणाली. माझ्याबद्दल ती असं कधी कुणाला म्हणालेली नाही.

भाचा कॉम्प्युटरला आहे. जळगावकडच्या एका कॉलेजात पोरांनीच हॅकेथॉन भरवली होती. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पोरं एका हॉलमध्ये कोंडून घेतात, झोप सोडतात आणि ठरलेल्या तासांत जगाचा एखादा प्रश्न सोडवतात. 1999 च्या जूनमध्ये ओपनबीएसडीवाले दहाजण कॅनडातल्या कॅलगरीत असे बसले, तेव्हापासून हा शब्द चालू झाला. आपल्याकडे 2017 पासून सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन असते, ती 36 तासांची. आमची 24 तासांची होती. खान्देशाच्या मानाने तीही पुष्कळ.

आमच्या चमूचा प्रश्न होता केळी. पानाचा फोटो काढायचा, ॲप रोग सांगणार. सोबत एखादा 'विषयतज्ज्ञ' आणला तर गुण जास्त मिळणार होते. चौघंही धुळे शहरातली. केळीशी त्यांचा संबंध डझनापुरता. माझं आजोळ रावेर तालुक्यातलं, एवढ्या भांडवलावर बँकेतून निवृत्त झालेला मी केळीतज्ज्ञ झालो. आजोळी मी केळी फक्त खाल्ली, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चौघं मला मामा म्हणू लागली. हा शब्द नात्याचा की क्रियापदासकटचा, हे मला जळगाव येईपर्यंत कळलं नाही.

सकाळी सहाला लालपरी सुटली. पिशवीत स्वेटर आणि डबा असल्याने बोर्ड माझ्या मांडीवर. कंडक्टरने आधी मला, मग बोर्डाला न्याहाळलं. "मामा, यानं बी तिकीट काढनं पडी." 

धुळे ते जळगाव हा पंचाण्णवेक किलोमीटरचा रस्ता म्हणजे थेट हजिऱ्याहून पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग. फागण्यापासून तरसोदपर्यंतच्या त्याच्या चौपदरीकरणाला इतकी वर्षं लागली, की कामाच्या सुरुवातीला शाळेत असलेली पोरं आता हॅकेथॉनला निघाली होती. वाटेत मुकटी, पारोळा, एरंडोल. एरंडोलला एरवी पांडववाड्याची आठवण निघते; आमच्या पांडवांना मात्र रेंज गेल्याचं दुःख होतं.

पोरांनी गाडीतच भाषणाची तालीम सुरू केली. "शेतकऱ्याच्या जीवनात क्रांती घडवणारं..." मागच्या सीटवर गोणपाट घेऊन बसलेले एक आप्पा कान देऊन ऐकत होते. पारोळ्याला उतरताना त्यांनी विचारलं, "आनि कपाशीनं काय?"

"ती पुढच्या हॅकेथॉनला," आमची कॅप्टन म्हणाली. आप्पांनी मान डोलावली. आश्वासनाची त्यांना सवय दिसली.

कॉलेजच्या दारात गळ्यात पट्टे घातलेली पोरं-पोरी लग्नघरातल्यासारखी पळत होती. नाव नोंदवा, टी-शर्ट घ्या, नाश्ता तिकडे. टी-शर्ट एकाच मापाचे होते. मला पोटाशी घट्ट, कॅप्टनला गुडघ्यापर्यंत. दहा वाजता भिंतीवरचं 24 तासांचं उलटं घड्याळ सुरू झालं आणि लगेच उद्घाटनही सुरू झालं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचे आभार. जगाचा प्रश्न सोडवायला पोरं मोकळी झाली तेव्हा घड्याळात बावीस तास दहा मिनिटं उरली होती.

आणि मग कळलं, की चाळीस टेबलांना प्लग आहेत बारा.

माझा भाव त्या क्षणी फुटला. तोवर कोपऱ्यात बसलेल्या मला लोक खुर्ची देऊ लागले, चहा आणून देऊ लागले. आमचा बोर्ड भिंतीत आणि शेजारच्यांचा आमच्या बोर्डात, अशी शाखा-उपशाखांची वंशावळ हॉलभर पसरली. तिसरा प्लग चालत नाही हे मी प्रत्येकाला सांगत होतो आणि प्रत्येक जण तो स्वतः लावून बघत होता. फैजपूरच्या चमूने तर एका प्लगसाठी रात्रीचं भरीत देऊ केलं. मी बँकेत तीस वर्षं काढली, पण इतकं चोख तारण कधी पाहिलं नाही.

भरीत मात्र खरं निघालं. बाहेर पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत ठेचली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोघं त्या रात्री एकाच ताटात भेटले, कारण वाढलं होतं केळीच्या पानावर. भाच्याने हौसेने पानाचा फोटो काढला. ॲप म्हणालं: करपा, 94 टक्के. पान पुसून पुन्हा काढला. करपा उरलाच; तेल गेलं होतं, एवढाच फरक. मग त्याने माझ्या हिरव्या मफलरवर फोन धरला. मफलर निरोगी होता.

आपलं विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाचं. त्या रचत गेल्या, लिहून घ्यायला मुलगा सोपानदेव. आमच्याकडेही तीच पद्धत होती: सांगणारे चौघं, टाइप करणारा भाचा एकटा. काव्य तेवढं होत नव्हतं.

रात्री दोनला कॅप्टन म्हणाली, "मामा, खरं रोगट पान पाहिजे." इतक्या रात्री कुणाला उठवणार? पण रावेरकडच्या मामेभावाने पहिल्या रिंगला फोन उचलला. त्याच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. बॅटरी घेऊन तो बांधावर उभा. म्हणजे त्या घटकेला अख्ख्या खान्देशात दोनच जाती जाग्या होत्या, हॅकेथॉनवाले आणि पाणी भरणारे, आणि दोघांचीही झोप विजेनेच नेलेली. त्याने पानाचा फोटो पाठवला. ॲप म्हणालं, निरोगी.

"कसं निरोगी भो?" मामेभाऊ म्हणाला. "हरण्या आहे त्याच्यावर. कालच उपटून बांधावर फेकलंय ते झाड."

भाच्याने शांतपणे लॅपटॉप मिटला आणि पाच मिनिटांनी परत उघडला. ती पाच मिनिटं मला त्याचा फार अभिमान वाटला.

सकाळी परीक्षकांपुढे तीन मिनिटं. कॅप्टन क्रांतीपर्यंत पोचली तोच नेट गेलं. एका परीक्षकांनी वेळ भरून काढायला मला विचारलं, "तुम्ही केळीतले ना? आज बोर्डाचा भाव काय?"

रावेरच्या केळीचा रोजचा जाहीर भाव, त्याला तिकडे बोर्ड म्हणतात. व्यापारी माल त्याच्या खाली मागतात आणि शेतकरी त्यावरून भांडतात. हे मला दुसऱ्या दिवशी मामेभावाने सांगितलं. त्या क्षणी मी म्हणालो, "एका प्लगला एक ताट भरीत."

परीक्षक हसले. पोरं हसली नाहीत.

पहिलं बक्षीस कॉलेजच्या पार्किंगचं ॲप करणाऱ्यांना गेलं. आम्हाला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझं आडनाव चुकलं होतं आणि 'विद्यार्थी' असा उल्लेख होता, म्हणून मी दुरुस्तीला दिलं नाही. परतीच्या गाडीत चौघं एकमेकांच्या खांद्यावर गाढ झोपली. एरंडोल गेल्यावर कंडक्टरने माझ्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं. कालचाच माणूस.

"मामा, दुसरं तिकीट कथा गयं?"

तेव्हा जळगावकडे कुणी जाणार असाल तर एवढं बघा. पांढरा बोर्ड आहे, पाच प्लगचा, पाठीवर 'कूलर' लिहिलंय. तिसरा प्लग चालत नाही. मार्चच्या आत मिळाला तर बरं.