आद्य ट्रेकर

सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. तो थंड झाल्यावर थोड्याच दिवसांत आद्य ट्रेकर तिथं पोचला.

प्रत्येक मित्रमंडळात असा एक असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गुडघ्याला नी-कॅप ('दुखत नाही रे, काळजी म्हणून'), पायात हंटर शूज आणि मूळ रंग कोणालाच आठवत नाही अशी सॅक. तुम्ही कोणतीही जागा सुचवा, ती त्यानं पाहिलेली असते. आणि त्यानं पाहिली तेव्हाच ती पाहण्यासारखी होती.

आमच्या आद्य ट्रेकरसोबत मी डिसेंबरात सांदण दरीला गेलो. भंडारदऱ्याच्या पुढं, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ ही घळ आहे. जीप थेट गावात शिरली तशी स्वारी नाराज झाली. "काय मजा राहिली? आम्ही रतनवाडीहून चालत यायचो." पूर्ण प्रवासात जीपमधली खिडकीची जागा मात्र सोडली नव्हती.

गावात उतरल्यावर पहिला विधी ठरलेला असतो. "मामा, ओळखलं का?" मामांनी कपाळावर हात धरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "हां, लई दिसांनी आलासा!" आद्य ट्रेकर फुलला. मागून आलेल्या ठाण्याच्या मुलांनाही मामा हेच म्हणाले, ते त्यानं ऐकलं नाही.

मामांच्या शेतात आता रांगेनं तंबू लागतात. ओट्यावर पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवलाय. त्याच्याकडे बघून आद्य ट्रेकरनं असा उसासा टाकला, की मामांनी विचारलं, "नेट चालंना का?" त्याच्या मनातलं गाव कंदिलाच्या उजेडातलं आहे, आणि गावानं तसंच राहावं अशी त्याची इच्छा आहे. मामांच्या सुनेला चुलीवरच्या पिठलं-भाकरीचे रोख पैसे मिळतात, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. भाकऱ्या मात्र चार खाल्ल्या.

तंबूत झोपणं त्याला कमीपणाचं वाटतं. "उघड्यावर झोपायचं, आकाशाखाली." एक शाल पांघरून त्यानं मला मृग नक्षत्र दाखवलं, व्याध दाखवला, मग कळसूबाई कुठल्या दिशेला ते अंधारात बोट रोखून दाखवलं. मध्यरात्रीनंतर रतनगडाकडून वारा सुटला. थोड्या वेळानं माझ्या तंबूची चेन उघडली आणि आवाज आला, "तुला भीती-बिती वाटत नाही ना?" मी सरकून जागा केली. सकाळी माझी स्लीपिंग बॅग त्याच्या अंगावर होती आणि शाल माझ्या.

दरीत उतरल्यावर मात्र माणूस बदलतो. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फूट सरळ भिंती. काही ठिकाणी फट इतकी अरुंद, की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. ऊन तळाशी क्वचितच पोचतं, त्यामुळे वाटेतल्या डोहांचं पाणी बर्फासारखं. पँट गुंडाळत तो म्हणाला, "तेव्हा इथं छातीभर होतं." आम्हाला कमरेपर्यंतच लागलं. त्याच्या आठवणीतली थंडी, पाणी आणि चढ असे दरवर्षी वाढतच असतात.

ठाण्याच्या मुलांपैकी एकानं विचारलं, "काका, पावसाळ्यात अजून भारी दिसत असेल ना?" मी 'पूर्वी' ऐकायची तयारी केली. पण त्यानं थांबून नीट समजावलं: वरच्या पठारावर पडलेलं पाणी याच घळीतून कोकणाकडे धावतं. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी लोंढा येऊ शकतो, आणि या भिंतींवर चढून जायला वाट नाही. पावसाळ्यात इथं पाऊल टाकायचं नाही. मुलं गप्प झाली. 'काका' म्हटल्याचं त्यालाही लागलं नाही, ही त्याहून मोठी गोष्ट.

मोठमोठे धोंडे ओलांडत आम्ही पहिल्या रॅपलिंगच्या टप्प्याशी आलो. खाली कोकण, समोर निळसर डोंगर. आता 'आम्ही साध्या सुताच्या दोरानं उतरायचो' हे येणार, असं वाटलं. आलंच. पण पाठोपाठ म्हणाला, "आज नाही. दोर नाही, माहीतगार नाही, आपण दोघंच. चल मागं." परतताना तो वाकवाकून कुरकुऱ्यांची पाकिटं उचलत होता आणि ती टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. सॅकचा एक कप्पा त्यानं कचऱ्यासाठीच ठेवलाय, हे मला तेव्हा कळलं.

तर थंडीत सांदणला जायचं असेल, तर असा एखादा शोधून बरोबर न्याच. एक स्लीपिंग बॅग मात्र जास्तीची घ्या. तो 'नको' म्हणेल, तरी घ्या.