मयत, विनाकारण

आपल्याकडे माणूस एकाच कारणाने मरतो : हृदय बंद पडल्याने. तोंडाचा कर्करोग, अर्धा गाल काढलेला, केमोच्या खेपा, दोन एकर गहाण. आणि दाखल्यावर काय, तर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. श्वास चालू ठेवून मेलेला माणूस कुणी पाहिलाय का? मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर छापलेलंच असतं की मरण्याची तऱ्हा लिहू नका, मूळ आजार लिहा. पण सूचना वाचायला वेळ कुणाला? नातेवाईक दारात, शववाहिका फाटकात.

हेही नशीबवानांचं. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरी कारण मिळालं. बाकीचे विनाकारणच गेले म्हणायचे.

डेंग्यूचं गणित आणखी सोपं. ताप, पुरळ, प्लेटलेट घसरलेल्या, खासगी लॅबची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह. तरी सरकारी लेखी रुग्ण ‘संशयित’. एलायझा होईस्तोवर डास अधिकृतपणे चावलेलाच नसतो. चाचण्या कमी करा, साथ आटोक्यात! धूरफवारणीपेक्षा स्वस्त, शिवाय खोकला नाही.

अपवाद बार्शीचा. तिथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. कर्मचारी गावोगाव फिरतात, बसून विचारतात, गाठ आहे का, गिळताना दुखतं का, आणि रुग्ण सापडला की लिहून घेतात. हे लोण प्रत्येक तालुक्यात पसरलं तर आकडे किती फुगतील, याचा कुणी विचार केलाय का? विधानसभेत उत्तरं कोण देणार?