एक खूण राहिली

आमच्या कंपनीने तक्रारींची तिकिटं रेमेडी या जुन्या सॉफ्टवेअरमधून सर्व्हिसनाऊ या नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायचं ठरवलं आणि आम्हा चार अ‍ॅडमिनना तीन दिवस ट्रेनिंगला बसवलं. माझी तक्रार फार मोठी नाही. चहा चांगला होता.

पहिला दिवस आयटिल, म्हणजे आयटी सेवा चालवायच्या पद्धतींची चौकट, काय असते यात गेला. ‘इन्सिडंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ यांतला फरक आम्हाला रात्री दोनला उठवून विचारला तरी सांगू. बहुतेकदा तेव्हाच विचारतात. आयटिल १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका खात्यात जन्माला आलं, हे मात्र नवीन कळलं. फॉर्मवर इतके रकाने का असतात, याचा उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशी सरावाला दहा तिकिटं मिळाली. प्रत्येकात नाव, तारीख, वर्णन, सगळं जागच्या जागी. असं तिकीट मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही. आमच्याकडे वर्णन म्हणजे ‘चालत नाही’. काय चालत नाही, ते ज्याला ठाऊक होतं तो २०१४ साली नोकरी सोडून गेला. प्राधान्य सरसकट ‘क्रिटिकल’, कारण त्याखालचं कुणी उघडत नाही. शिवाय सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की कर्मचारी क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात आणि ०३/०४ हा तीन एप्रिल की चार मार्च, ते संगणकाच्या मर्जीवर. हे विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘‘डेटा आधी क्लीन करून आणा.’’

खरा मुद्दा तिसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी आला. जुन्या फाइलचे रकाने नव्या टेबलाशी जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्म मॅपमध्ये एखाद्या फील्डला ‘कोअलेस’ची खूण केली, तर आधीचं रेकॉर्ड ओळखून तेच बदललं जातं. नाही केली, तर दर इम्पोर्टला नवं रेकॉर्ड तयार होतं. तिथेच ‘रन बिझनेस रूल्स’ नावाची दुसरी खूण असते. ती मात्र काढायची, नाहीतर जुन्या तिकिटांचेही मेल सुटतात. सव्वापाचला कंपनीची बस होती. मधली पाच मिनिटं फीडबॅक फॉर्मला गेली.

आम्ही पहिली खूण केली नाही आणि दुसरी काढली नाही. इम्पोर्ट तीनदा चालवला.

तेव्हा २०१६ साली ज्यांनी ज्यांनी प्रिंटरची तक्रार केली होती आणि ज्यांना परवा ती मिळाल्याचे तीन-तीन मेल आले, त्यांना हात जोडून विनंती : कृपया उत्तर पाठवू नका. उत्तराचंही तिकीट होतं.