काटा आधी पडतो

पुण्याहून चिपळूण, ताम्हिणीमार्गे. मे महिना. गाडीत मी, सौ. आणि तिचे मामा. मामा वीजमंडळातून निवृत्त, त्यामुळे कुठल्याही तारेतून काय वाहतं याबद्दल शेवटचा शब्द त्यांचा.

मुळशीच्या चढावर गाडी एकाएकी मुकी झाली. आचका नाही, धूर नाही. स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. कशीबशी कडेला घेतली.

"बॅटरी," मामा म्हणाले. "दिवाच सांगतोय की."

बॉनेट उघडून त्यांनी टर्मिनलवरचा हिरवट फुलोरा किल्लीने खरवडला, वर चपलेचे चार फटके लगावले. यात वीसेक मिनिटं गेली. गाडी पहिल्याच सेल्फला चालू! मामा ऐटीत पुढच्या सीटवर बसले आणि सौ.ची बदली मागे झाली.

माणगावच्या कोंडीत पुन्हा तेच. इथे मात्र निदानाला जत्रा जमली. एका रिक्षावाल्याच्या मते टाकीत हवा धरली होती. त्याने पेट्रोलचं झाकण उघडून ठेवायला लावलं. दुसऱ्याने माझा किल्ल्यांचा जुडगा तळहातावर तोलला आणि म्हणाला, "एवढं ओझं लोंबकळलं की स्विच ढिला होतो, साहेब." (होतोही. पण आमचा नव्हता.) सरबतवाल्याने बॉनेटवर लिंबू ओवाळलं आणि त्याचेही पैसे लावले. सगळ्यांनी सरबत घेतलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि श्रेयावरून तिघांत जुंपली.

"अहो," मागून आवाज आला, "गाडी थांबायच्या आधीच तो आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर येतो. तेव्हा चाकं फिरतच असतात."

"तो काटा शोभेचा असतो गं," मामा म्हणाले. मीही मान डोलावली. नंतर ती मला बरीच महागात पडली.

पोलादपूरला गाडीने तिसऱ्यांदा राम म्हटला, तो नशिबाने एका वायरिंगवाल्या मेस्त्रीच्या दारातच. त्या पोरसवदा मेस्त्रीने कान कोरत एवढंच विचारलं, "बंद पडताना काटा कुठं होता?"

सौ.ने एका दमात सगळं सांगितलं. मेस्त्री तिच्याकडे आदराने पाहू लागला. म्हणाला, पेट्रोल कमी पडलं असतं तर गाडीने आधी आचके दिले असते. गाडी गिअरमध्ये असताना चाकंच इंजिनाला फिरवत असतात. तरी काटा शून्यावर, म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमीच वर पोचत नाही. ती पोचवतो क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलपाशी बसून दाते मोजतो. मोजणी थांबली की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीही बंद करतो आणि पेट्रोलही.

"आणि बॅटरीचा दिवा?" मामांनी गड सोडला नव्हता.

"इंजिन थांबलं की अल्टरनेटर थांबतो, काका. दिवा लागणारच."

थोडक्यात, मयताच्या घरी सगळ्यात मोठ्याने रडतो त्यालाच आम्ही सकाळपासून खुनी ठरवत होतो.

मेस्त्रीने सेन्सरचा सॉकेट काढून मल्टीमीटरच्या सुया टेकवल्या. आकडा नाही, तार तुटल्याची खूण. मग बाटलीतलं गार पाणी बेताने सेन्सरवर सोडलं. चुर्र झालं. आम्ही चौघं मीटरवर वाकलो. मिनिटभर काही नाही, आणि एकदम आकडा उमटला : ८६०. आतल्या गुंडाळीची केसासारखी तार तापली की सुटत होती, निवली की जुळत होती. वीस मिनिटं तिला निवायला लागायची. चप्पल, झाकण, लिंबू यांनी फक्त वेळ काढला होता.

गाडी चालू करून मेस्त्रीने बॅटरीवरही सुया टेकवल्या. चौदा व्होल्टच्या थोडं वर. "ठणठणीत आहे, काका." मामा लांब जाऊन डोंगर बघू लागले.

नवा सेन्सर खेडशिवाय मिळणार नव्हता. आम्ही पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या. पुढच्या सीटवर सौ. बसली, काट्यावर नजर ठेवून. कशेडीच्या अलीकडे ती नुसतं "पडला" म्हणाली, आणि गाडी थांबेपर्यंत मामा बाटलीचं बूच उघडून तयार होते. खिशातून लिंबूही बाहेर डोकावत होतं.