आठ जणींत एकटी

बावन्नाव्या वर्षी एकटीनं फिरायचं ठरवलं आणि फोर्ट कोचीतल्या एका होस्टेलात आठ जणींच्या खोलीतला एक पलंग घेतला. एकटीनं राहायचं म्हणून सात अनोळखी मुलींत झोपायचं, हा हिशेब घरी कुणाला पटेना. हॉटेलचं भाडं ऐकल्यावर नवऱ्याला मात्र लगेच पटला.

काउंटरवरच्या मुलानं आधारकार्ड पाहिलं, मग मला पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, वरचा." पंचेचाळिशी गाठलेल्या बाईला जमल्यास खालचा बर्थ द्यावा, एवढी माणुसकी रेल्वेच्या संगणकालाही आहे. इथे लोखंडी शिडी. दांडे असे बारीक की तळपायाला छडी बसल्यासारखं वाटावं. एकदाच तर चढायचंय, असं वाटलं होतं. पण संध्याकाळी दोन ग्लास संभारम, म्हणजे तिथलं आलं-मिरचीचं ताक, प्यायले होते. ते रात्री दोनला खाली घेऊन गेलं.

खालच्या मुलीनं पलंग बदलायची तयारी दाखवली. पण ती 'आंटी' म्हणाली.

"छे, मला वरच आवडतं," मी म्हटलं.

या सगळ्याचं मूळ एक जर्मन मास्तर, रिचर्ड शिरमान. 1909 मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला, वादळात सापडला, रात्र एका शाळेत काढली. तेव्हा त्याला सुचलं, की भटक्या पोरांना जागोजागी स्वस्तात पाठ टेकायची सोय हवी. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युथ होस्टेल निघालं. तिथले लाकडी पलंग तर तीनमजली. सोय पोरांची, गुडघ्यांचा विषय निघायचं कारणच नव्हतं.

होस्टेलात घोरण्याला माफी असते, ते कुणाच्या हातात नसतं. माफी नाही ती प्लास्टिकच्या पिशवीला. आणि माझं सामान म्हणजे साडीच्या दुकानातली जाड पिशवी, तिच्यात वाण्याची, तिच्यात धुऊन वाळवलेली दुधाची, आणि त्या सगळ्याच्या पोटात कंगवा. आई असंच भरायची. पहाटे मासेमारीची चिनी जाळी बघायला निघाले, तर कंगव्यापर्यंत पोचेतो सहा जणी कूस बदलून झाल्या. पिशवी हळू उघडली की आवाज कमी होत नाही, नुसता लांबतो. राहिलेली सातवी कुलपानं उठवली. लॉकर होस्टेलचा, पण कुलूप आपलं आणायचं. पोरींची अंगठ्याएवढी, आकड्यांची. माझं घराच्या कडीचं, पितळी. ते फरशीवर पडलं.

त्या अपराधी मनानं दिवसभर बाहेरच राहिले. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची जागा पाहिली. 1524 मध्ये त्याला इथे पुरलं, 1539 मध्ये अवशेष उचलून पोर्तुगालला नेले. पंधरा वर्षं मुक्काम! आमच्या होस्टेलात अकराच्या ठोक्याला चादरी ओढायला बाई दारात उभी.

तिसऱ्या रात्रीपर्यंत मी शहाणी झाले होते. सगळं सामान ओढणीत बांधून गाठोडं केलं, पिशव्या कचऱ्यात. खाली नवी मुलगी आली होती. दिवा मालवला, सगळं शांत झालं आणि खालून आवाज आला. चुरचूर. थांबला. पुन्हा चुरचूर, हळू, लांबवलेली. अंधारात ओळखीचा वास वर आला.

"लसणाचा चिवडा?" मी विचारलं.

आवाज दचकून थांबला.

"हो... देऊ का वर, काकू?"

मी शिडी उतरले.